पुढचा खंड

माझी आजी चातुर्मासात रोज दुपारी श्रीधरांचा 'पांडवप्रताप' ऐकत असे. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे असे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. अभिमन्यूचा प्रसंग जवळ आला की आजी आदल्या दिवसापासूनच पदराने डोळे टिपू लागे. एकदा मी तिला विचारले, "आजी, उद्या तो वाचला तर?" आजी म्हणाली, "वाचायचा असता, तर मी आज रडले असते का?"

आमच्या घरात कथा ऐकण्याची रीत ही अशी होती. कोणाचे काय होणार हे आधीच ठाऊक असे आणि ठाऊक असूनही सारे जण पुन्हा ऐकायला बसत. ज्या कथेतील माणसांचे पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, वाचणाऱ्याला ठाऊक नाही आणि, पुढे मला कळले त्याप्रमाणे, लिहिणाऱ्यालाही पुरते ठाऊक नाही, अशा कथेची आणि माझी गाठ वयाच्या ५४व्या वर्षी पडली. तीही मुलाच्या काळजीपोटी.

ते २०१२ साल होते. आम्ही इंदूरला राहतो. माझा मुलगा त्या वर्षी बारावीत नापास झाला. एकुलता एक मुलगा, आणि आमच्या दोन्ही घराण्यांत आजवर कोणी नापास झालेले नव्हते. त्याचे बाबा एका विमा कार्यालयात हिशेबनीस होते. स्वभावाने सरळ, पण शब्दाचे कंजूष. निकालाच्या दिवशी ते रागावलेही नाहीत. त्यांनी मुलाशी बोलणे तेवढे थांबवले. मुलाने खोलीचे दार लावून घेतले. जेवायला येई, ताटाकडे पाहून जेवे आणि परत आत जाई. खोलीत डोकावले की तो एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात डोके घालून बसलेला दिसे. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्याने एकापाठोपाठ एक असे पाच ठोकळे आणले होते. ते पाहून मला संताप येई. अभ्यासाची पुस्तके धूळ खात पडलेली आणि हा राजेरजवाडे वाचतो आहे!

एके दिवशी तो आंघोळीला गेला असताना मी पहिला ठोकळा उचलला. या मुलाला दिवसदिवसभर धरून ठेवणारे त्यात आहे तरी काय, एवढेच मला पाहायचे होते. माझे इंग्रजी कार्यालयातील टिपणे-पत्रांपुरते. शब्दकोश उशाशी ठेवून मी रोज रात्री दहा-बारा पाने वाचू लागले.

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर', म्हणजे 'हिम आणि अग्नीचे गीत', या कादंबरीमालेचा तो पहिला खंड होता, 'अ गेम ऑफ थ्रोन्स'. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. लेखकाच्या मनात आधी तीनच खंड होते. लिहिता लिहिता ते सात ठरले. एक काल्पनिक खंड, त्यावर सात जुनी राज्ये, एक लोखंडी सिंहासन आणि त्यासाठी झगडणारी घराणी. उत्तरेच्या टोकाला सातशे फूट उंचीची बर्फाची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे मेलेली माणसे चालू लागली आहेत. तेथे ऋतू वर्षानुवर्षे टिकतात, आणि आता एक दीर्घ हिवाळा येऊ घातला आहे. एवढी वर्णने वाचून मला वाटले की हे आपले काम नव्हे. पण त्यातला एडर्ड स्टार्क नावाचा सरदार मला धरून ठेवू लागला. सत्याला जागणारा, मुलाबाळांचा माणूस. हाच कथेचा नायक, हे मी मनाशी पक्के केले होते. महिन्याभराने मी त्या पानावर पोचले, जेथे भर चौकात त्याचा शिरच्छेद होतो.

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. मी तशीच उठले आणि मुलाचे दार ठोठावले. "अरे, याने मुख्य माणसालाच मारलं की रे! आता पुढे उरलं काय?" मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग माझ्या हातातील पुस्तकाकडे त्याचे लक्ष गेले आणि तो हसला. दीड महिन्यानंतर मी त्याला हसताना पाहत होते. तो म्हणाला, "आई, बस. आता खरं सुरू होतंय."

त्यानंतर आमची बैठक जमू लागली. मी मेथी निवडत असे, तो मटार सोलत असे आणि मधे एखाद्या काल्पनिक राजपुत्राचे भवितव्य पडलेले असे. बारावीचा विषय आम्ही दोघेही काढत नसू.

सर्वांत मोठा वाद जॉन स्नोच्या आईचा. एडर्ड स्टार्क युद्धावरून परतताना एक तान्हे मूल घेऊन येतो आणि सांगतो, हा माझा अनौरस मुलगा. आई कोण, हे तो पत्नीलाही सांगत नाही. तोच हा जॉन. मी पाच-पन्नास पानांतच म्हटले, "हा कर्ण आहे. याची आई कुणीतरी मोठ्या घरची निघणार." मुलगा म्हणाला, "कर्ण म्हणू नकोस. पुरावा दे." पुरावा हा शब्द त्याच्या तोंडी ऐकून मला गंमत वाटली होती. भौतिकशास्त्रात त्याला १९ गुण होते.

मग त्यानेच पुरावा मांडला. जखमी एडर्डला तापात एक जुने स्वप्न पडते. दक्षिणेकडील डोंगरातला एक मनोरा, आणि त्याच्यासमोर राजाच्या अंगरक्षकांपैकी तीन अव्वल योद्धे उभे. राजा मारला गेलेला आहे, युवराज ऱ्हेगार रणात पडलेला आहे. राजाचा धाकटा मुलगा जिवंत आहे, पण तो दूर एका बेटावर. ज्यांनी राजाच्या रक्षणाची शपथ घेतली, ते त्या मुलाकडे न जाता या ओसाड मनोऱ्यापाशी प्राण द्यायला का थांबले? आत असे कोण होते, ज्याचा हक्क त्या मुलाहूनही मोठा? आत होती एडर्डची बहीण लियाना, रक्ताने माखलेल्या शय्येवर. मरताना तिने भावाकडून एक वचन घेतले. कसले, ते लेखक सांगत नाही. मुलगा म्हणाला, "ऱ्हेगार आणि लियाना यांचा मुलगा जॉन. मामाने भाच्याला वाचवण्यासाठी स्वतःच्या नावाला डाग लावून घेतला." आणि पुढे असे, की त्या मनोऱ्यापासून एडर्डखेरीज आणखी एकच माणूस जिवंत परतला. हाउलंड रीड त्याचे नाव. पाच खंड झाले, हजारो पाने झाली, सगळे त्याच्याविषयी बोलतात. पण तो एकमेव साक्षीदार अजून पानावर अवतरलेला नाही.

मी मेथीची जुडी खाली ठेवली. एवढ्या पानांतून सात-आठ वाक्ये वेचून त्यांची अशी साखळी जुळवणारा मुलगा अभ्यासात ढ आहे, हे मला त्या दिवसापासून पटेनासे झाले.

हा तर्क जगभरच्या वाचकांनी १९९० च्या दशकातच बांधला होता, हे मला नंतर कळले. या कादंबऱ्यांवर मालिका काढू इच्छिणारे बेनिऑफ आणि वाइस लेखकाला भेटायला गेले, तेव्हा त्याने त्यांना हाच प्रश्न विचारला होता की जॉनची आई कोण? त्यांनी दिलेले उत्तर त्याला पटले आणि परवानगी मिळाली. एका अर्थी ती तोंडी परीक्षाच. मला मात्र कोणी विचारले असते तर मी 'कुंती' असे सांगून नापास झाले असते.

आम्हा दोघांचे हे बोलणे चाले तेव्हा त्याचे बाबा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. त्यांचे पान तासतासभर उलटत नसे, हे माझ्या लक्षात आले होते. त्या दिवसांत आम्ही टिरियन लॅनिस्टरविषयी फार बोलत असू. टिरियन हा एका बलाढ्य सरदाराचा मुलगा, उंचीने ठेंगणा, बुद्धीने सगळ्यांच्या वरचढ. बाप त्याला कधी मुलगा म्हणून जवळ करीत नाही. २००० साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या अखेरीस टिरियन त्याच बापाला ठार मारतो आणि समुद्रापार पळतो. या प्रसंगावर आमची चर्चा रंगली होती, तोच ओसरीवरून आवाज आला, "बाप असा का वागतो त्याच्याशी?"

मुलाच्या हातातील शेंग तशीच राहिली. मी मुद्दाम उठून स्वयंपाकघरात गेले. कुकरची शिट्टी होईपर्यंत मुलगा ओसरीच्या उंबऱ्यावर उभा राहून लॅनिस्टर घराण्याचा इतिहास सांगत होता आणि हे अधूनमधून "हं" म्हणत होते. चार महिन्यांनंतरचे त्यांचे ते पहिले बोलणे.

पुढे यांनी ती पुस्तके वाचली नाहीत, पण कथा सगळी ऐकली. त्यांचा प्रश्न एकच असे, "त्या ठेंगण्याचं काय झालं पुढे?"

याचे उत्तर पाचव्या खंडापर्यंतच देता येत होते. पाचवा खंड २०११ साली आला होता. त्याच्या शेवटी जॉन स्नोला त्याचेच सोबती सुरे भोसकतात. तो बर्फात कोसळतो आणि त्याचे प्रकरण तेथेच संपते. जॉन मेला की जगला? मुलाने पुन्हा पुरावे काढले. मेलेल्यांना उठवण्याची विद्या या कथेत आधी घडून गेलेली आहे. तशाच पंथाची एक बाई त्या वेळी भिंतीपाशीच आहे. त्याच खंडाच्या आरंभी एक माणूस मरताना आपला जीव लांडग्याच्या देहात नेतो. जॉनचाही एक लांडगा आहे आणि जॉनच्या तोंडचा शेवटचा शब्द त्याच लांडग्याचे नाव आहे. "एवढी तयारी करून कोणी माणूस फुकट मारतं का, आई?" मी म्हटले, "एडर्डला मारलंच की."

मार्टिन म्हणतात की लेखक दोन प्रकारचे असतात. काही वास्तुविशारदासारखे, आधी आराखडा आखणारे. काही माळ्यासारखे, बी पेरून काय उगवते ते पाहणारे. ते स्वतःला माळी म्हणवतात. माळ्याच्या बागेत वाचकाने उद्याचे फूल ओळखायचे, यात एक अडचण आहे. वाचकांनी ओळखले म्हणून माळ्याने रोपच उपटले तर? त्यांनी तसे करायचे नाकारले आहे. पेरलेले संकेत वाचकाने हेरले म्हणून शेवट बदलणे त्यांना मान्य नाही. मला ही वृत्ती आवडते. सुगरण बाईच्या फोडणीचा वास शेजारी गेला, म्हणून ती भाजी बदलत नाही.

पण माळ्याचेही वय होते. मुलानेच मला रॉबर्ट जॉर्डन यांची गोष्ट सांगितली. 'द व्हील ऑफ टाइम' म्हणजे 'कालचक्र' ही त्यांची कादंबरीमाला १९९० साली सुरू झाली. अकरा खंड लिहून झाले आणि रक्ताच्या एका दुर्मीळ विकाराने १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. आजार कळल्यावर त्यांनी पुढील कथा टिपणांतून आणि तोंडी सांगून ठेवली. शेवटच्या प्रसंगाचा काही भाग स्वतः लिहून ठेवला. त्यांच्या पत्नी हॅरिएट या त्यांच्या संपादकही होत्या. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे काम सोपवले आणि त्याने आणखी तीन खंड लिहून २०१३ साली माला पुरी केली. या मालेत १९९३ सालच्या खंडात आस्मोडियन नावाच्या पात्राचा खून होतो. खुनी कोण, हे सांगितलेले नाही. लेखक म्हणत, उत्तर उघडच आहे. वाचक सतरा वर्षे एकमेकांशी भांडले. अखेर २०१० साली तेराव्या खंडाच्या शेवटी, शब्दार्थसूचीत, एका ओळीत ते नाव आले. मुलगा म्हणाला, "बघ, म्हणून सांगतो, पुस्तकामागची सूची वाचत जा."

आपल्याकडेही असे घडले आहे. देवकीनंदन खत्री यांची 'भूतनाथ' ही तिलिस्मी कादंबरी १९१३ साली त्यांच्या निधनाने अर्धी राहिली. ती पुढे त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. माझ्या सासूबाईंनी ती हिंदीतून वाचली होती. बाप कुठे थांबला आणि मुलाने कुठून धरले, ते आपल्याला कळले नाही, असे त्या सांगत.

मुलगा दुसऱ्या प्रयत्नात बारावी झाला आणि २०१३ साली पुण्याला शिकायला निघाला. आदल्या रात्री त्याने एक खेळ काढला. जॉन, डेनेरिस, टिरियन आणि आर्या या चौघांचे शेवटी काय होणार, ते तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचे. कोणी कोणाला दाखवायचे नाही. तिन्ही कागद एका पाकिटात घालून चिकटवायचे आणि सातवा, शेवटचा खंड आला की उघडायचे. यांनी आढेवेढे घेतले. मग चष्मा लावून एखाद्या हिशेबाच्या तपासणीला बसावे तसे बसले. माझे आणि मुलाचे पाच मिनिटांत झाले. यांना पाऊण तास लागला. पाकीट कपाटात माझ्या शालींखाली गेले.

त्यानंतर मुलाचा दूरध्वनी आला की अभ्यास, जेवण, पैसे यांचे बोलणे दोन मिनिटांत संपे आणि मग बाप-लेक अर्धा तास टिरियनवर बोलत. मला या गोष्टीचे इतके समाधान होते, की पुढचा खंड लवकर यावा अशी मला काही घाई नव्हती. खंड आला असता तर उत्तर मिळाले असते. पण हे दोघे मग बोलले कशावर असते?

खंड आला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मार्टिन यांनी सहावा खंड, 'द विंड्स ऑफ विंटर', पुरा झाला नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी दूरदर्शन-मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. जॉनला उठवले गेले. त्याच्या आईविषयीचा तर्कही खरा ठरला. १९ मे २०१९ रोजी मालिका संपली. डेनेरिसने शरण आलेले शहर जाळले, जॉनने तिला मारले आणि राजा झाला तो ब्रॅन, ज्याचे नाव आमच्या चौघांत नव्हतेच. शेवट पुन्हा चित्रित करावा अशा मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. मी सही केली नाही, पण त्यांची चिडचिड मला समजते. त्यांनी वर्षानुवर्षे पुरावे जमवले होते आणि निकाल युक्तिवाद न ऐकताच लागला होता.

मुलगा म्हणाला, "आता पाकीट उघडू या." हे म्हणाले, "मालिका म्हणजे पुस्तक नव्हे. अट पुस्तकाची होती." मार्टिन यांनीही म्हटले आहे की पुस्तकातले काही शेवट मालिकेसारखे असतील आणि काही वेगळे. हिशेबनीस माणसापुढे आमचे काही चालले नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात हे गेले. हृदयाचा झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही.

हे लिहीपर्यंत सहावा खंड आलेला नाही. मार्टिन यांचा जन्म १९४८ सालचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना तगादा लावणारे पुष्कळ आहेत. त्या लोकांना वाटते की लेखकाने आपले देणे बुडवले. मी आयुष्यभर दुसऱ्यांची देणी-घेणी तपासली, पण हे कोणत्या रकान्यात मांडावे ते मला समजत नाही. पाच खंडांचे पैसे आम्ही दिले होते आणि पाच खंड आम्हाला मिळाले होते. तरीही कधी कधी रात्री मलाही वाटते, लिहा हो लवकर. माझे कारण वेगळे आहे. यांच्या हस्ताक्षरातले बाकी सारे मी वाचून काढलेले आहे. वाण्याच्या याद्या, विम्याच्या पावत्यांमागच्या टिपा, सगळे. तो एक कागद राहिला आहे.

गेल्या दिवाळीत मुलगा आला होता. कपाट आवरताना पाकीट वर आले. त्याने ते दिव्यासमोर धरून पाहिले. आतले काही दिसत नव्हते. मी म्हटले, "उघडायचं का?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा ओरडतील." आणि पाकीट त्याने परत शालींखाली सरकवले.

चहा घेताना तो म्हणाला, "पण काय लिहिलं असेल गं त्यांनी? टिरियनला मारलं नसणार."

तेव्हा मला ती रात्र आठवली. पाऊण तास ते लिहीत होते, आणि मधेच मान वर न करता त्यांनी मला विचारले होते, "'प्रायश्चित्त' कसं लिहितात गं? शेवटी त एक की दोन?" मी सांगितले होते, दोन. त्या वेळी मुलगा आत सामान बांधत होता.

हे मी मुलाला सांगितले. त्याने कप खाली ठेवला.

"आई, इतका मोठा पुरावा तुझ्याजवळ होता आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?" तो खुर्ची पुढे ओढून बसला. "प्रायश्चित्त कोणाचं? मुलाचं की बापाचं? नीट आठव. तेव्हा त्यांच्या हातातला कागद कितपत भरला होता?"

आम्ही रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो.